चार्जिंगची वायर सारखी का जाते?

मागच्या जूनमधली गोष्ट. आई कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये एकटी राहते, मी भांडुपला. रोज सकाळी सातला आमचा फोन ठरलेला. त्या दिवशी तिचा फोन लागेना. आठला नाही, नऊलाही नाही. शेजारच्या काकू गावाला गेलेल्या. शेवटी रजा टाकली आणि गाडी पकडली. दार आईनेच उघडलं. ठणठणीत होती. "अरे, रात्रभर लावून ठेवला होता, तरी सकाळी बंदच," म्हणाली.

फोनला काही झालं नव्हतं. वायर गेली होती. पिनेजवळ जरा वाकडी धरली की चार्जिंगचं चिन्ह यायचं, हात सोडला की जायचं. स्टेशनबाहेर ऐंशी रुपयांना घेतलेली, अजून दोन महिनेही झाले नव्हते.

त्या संध्याकाळी तिच्या आणि आमच्या घरातल्या 'गेलेल्या' सगळ्या वायरी गोळा केल्या. अकरा निघाल्या. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडला शिकवतो, त्यामुळे ब्लेड आणि मल्टिमीटर (वीज आणि तारा तपासायचं यंत्र) हाताशी असतात. एकेक वायर तपासली, मग उभी चिरून आत पाहिलं. लोकांचे या एवढ्याशा वस्तूवर वर्षाला पाच-सहाशे रुपये सहज जातात आणि दर वेळी दुकानात तोच प्रश्न असतो, "ही तरी टिकेल ना?" त्याचं उत्तर वायरीच्या आत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. लाल तारेतून चार्जरची वीज फोनकडे जाते, काळीतून परत येते. हिरवी आणि पांढरी निरोपाच्या. कॉम्प्युटरवर फोटो टाकताना डेटा या दोघींतून जातो. अगदी स्वस्त वायरींत कधी कधी या दोन नसतातच. अशा वायरीने फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला तो दिसत नाही. यातली प्रत्येक तार म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या धाग्यांची जुडी. एकच जाड तार घातली असती तर वायर चारदा वाकवल्यावर तुटली असती.

ऐंशी रुपयांच्या त्या वायरीत लाल तारेत मोजून सात धागे होते. दुसरी एक वायर फोनच्या खोक्यातून आलेली, चार वर्षं वापरलेली. तिच्यात लाल आणि काळी तार चांगली जाड, हिरवी-पांढरी बारीक. बाहेरून पाहाल तर दोन्ही वायरी सारख्याच जाडीच्या. स्वस्त वायरीत ती जाडी प्लॅस्टिकने भरून काढली होती.

तांबं कमी घातल्याने नेमकं काय बिघडतं? तार जितकी बारीक, तितका विजेला अडथळा जास्त. बिल्डिंगच्या टाकीत पाणी भरपूर असून अर्ध्या इंचाच्या लांबलचक पाइपातून नळाला करंगळीएवढी धार येते, तसंच. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. अमेरिकन गेजप्रमाणे २८ नंबरची तांब्याची तार एक मीटरला साधारण ०.२१ ओहम अडथळा करते. वीज जाते आणि परतही येते, म्हणून तो दुप्पट धरायचा, सुमारे ०.४३ ओहम. या वायरीतून २ अँपिअर प्रवाह न्यायचा म्हटला तर वाटेतच ०.८५ व्होल्ट खर्ची पडतात. चार्जर देतो ५ व्होल्ट, फोनच्या तोंडाशी पोचतात जेमतेम ४.१५. आणि फोनची लिथियम बॅटरी पूर्ण भरायला आली की तिचं स्वतःचं व्होल्टेज ४.२ च्या वर जातं. कमी उंचीवरच्या टाकीतून जास्त उंचीवरची टाकी कशी भरणार? फोनमधल्या सर्किटला व्होल्टेज घसरलेलं कळतं आणि ते प्रवाह कमी करून घेतं. स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्ह दिसत राहतं, फोन मात्र मुंगीच्या पावलाने भरतो.

हाच हिशेब २४ गेजच्या तारेला लावला तर तेवढ्याच लांबीत, तेवढ्याच प्रवाहाला फक्त ०.३४ व्होल्ट जातात. लांबी दोन मीटर केली की दोन्ही वायरींचं नुकसान दुप्पट. पलंगापर्यंत पोचते म्हणून घेतलेली लांब वायर बारीक तारेची निघाली, तर तिच्यावर फोन रात्रभरात जेमतेम भरतो. लांबच हवी असेल तर जाड तारेची घ्या, नाहीतर एक्स्टेंशन बोर्ड पलंगाजवळ आणा आणि वायर एक मीटरचीच ठेवा. मी दुसरा मार्ग सुचवेन.

आणखी एक फसवणूक आतल्या धातूत असते. काही वायरींतली तार तांब्याची दिसते, पण असते ॲल्युमिनियमची, वर तांब्याचा नुसता मुलामा. ॲल्युमिनियमचा अडथळा तांब्याच्या साधारण १.६ पट, आणि वाकवत राहिलं की ते तांब्याच्या आधी तुटतं. ओळखायचं कसं? टोक सोलून धागा ब्लेडने खरवडायचा. वर लाल आणि आत पांढरं निघालं तर मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. उलट, वर चंदेरी आणि आत लाल निघालं तर ते कल्हई केलेलं तांबं, म्हणजे चांगला माल. चंदेरी तार दिसली की "बोगस आहे" म्हणून लोक फेकून देतात. ती बहुतेकदा बोगस नसते.

आता मुख्य दुखणं. माझ्या अकरापैकी आठ वायरी एकाच जागी तुटल्या होत्या, पिनेच्या मागे, पहिल्या एक-दीड सेंटिमीटरमध्ये. आम्ही त्या जागेला मान म्हणतो. बांधकामावर सळ्या बांधायची तार तोडायला पक्कड नसली तर काम करणारा ती एकाच जागी मागे-पुढे वाकवतो. सात-आठ वेळा वाकवली की तुटते. प्रत्येक वाकवण्यात धातू त्या जागी थोडा कडक, ठिसूळ होत जातो. आपण वायरीचं हेच करतो, फक्त महिनोन्महिने, हळूहळू. पिन कडक, वायर मऊ. जिथे कडक संपतं आणि मऊ सुरू होतं, तिथेच सगळा बाक गोळा होतो.

इस्त्रीची वायर बघा. ती इस्त्रीत शिरते तिथे लांब रबरी नळी असते, कधी स्प्रिंगही असते. बाक एका बिंदूवर न येता पाच-सात सेंटिमीटरवर पसरावा, एवढ्याचसाठी ती व्यवस्था. फोनच्या चांगल्या वायरीलाही अशी लांब, खाचा असलेली, लवचिक मान दिलेली असते. स्वस्त वायरीत तिथे अर्धा सेंटिमीटरचा कडक ठोकळा असतो आणि त्यावर दाखवण्यापुरत्या खाचा कोरलेल्या. बोटाने वाकवून पाहा. ठोकळा वाकला नाही, तर त्याच्या मागची वायर तुटणार.

मुंबईत ही मान जरा जास्तच मोडते. बदलापूर किंवा विरारहून येणारा माणूस गर्दीत उभा असतो, पॉवर बँक बॅगेत, फोन खिशात, मधली वायर पिनेजवळच काटकोनात दुमडलेली, तीही तास-दीड तास, दिवसातून दोनदा. घरी आल्यावर फोन चार्जिंगला लावूनच छातीवर टेकवून पडायचं, तेव्हा पिन खाली आणि फोनचं अख्खं वजन मानेवर. फोन ओढायला वायर धरून खेचायची सवय तर घराघरात आहे. माझ्या वर्गातली मुलं सुट्टीत डिलिव्हरीची कामं करतात. त्यांचा फोन स्कूटरच्या हँडलला लावलेला असतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याचा धक्का त्या मानेला बसतो. फोन बंद पडला की त्यांची ऑर्डर जाते, दिवसाची कमाई बुडते. त्यांच्यासाठी वायर ही किरकोळ वस्तू नाही.

धागे एकदम तुटत नाहीत. एक तुटतो, मग दुसरा. सातातले तीन उरले की सगळा प्रवाह त्या तिघांतून जायला लागतो. अडथळा वाढतो आणि त्या जागी उष्णता तयार होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. म्हणून वायर जाण्याचा पहिला इशारा हाताला लागतो. चार्जिंग चालू असताना मान कोमट लागली, प्लॅस्टिक पिवळट किंवा तपकिरी पडलं, तर ती वायर त्याच दिवशी टाकून द्या. "अजून चालतेय" म्हणून रात्री उशीजवळ लावून झोपू नका. चिरलेल्या वायरींपैकी एकीत लाल आणि काळ्या तारेमधलं प्लॅस्टिक वितळून पातळ पापुद्रा उरला होता. तो पापुद्रा गेला असता तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या असत्या. ती वायर माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावरची होती, आणि हे पाहिल्यावर मला काही वेळ दुसरं काही सुचलं नाही.

कापडी विणीच्या वायरींबद्दल दुकानदार खूप सांगतात. वीण बाहेरचं कातडं वाचवते, घासण्यापासून, टेबलाच्या धारेपासून. आतले धागे वाचवत नाही. उलट आत तुटलेलं बाहेरून दिसत नाही. लांब मान आणि जाड तार असेल तर वीण चांगलीच, पण नुसती वीण बघून दुप्पट पैसे देऊ नका.

पावसाळ्यात वेगळाच रोग येतो. हवा दमट, त्यात समुद्राचा खारटपणा. वायरीचं चार्जरकडचं टोक चालू बटणावर राहिलं आणि पिनेवर ओल आली, तर पिनेतला वीज येणारा टोचा (धातूची बारीक पट्टी) आणि परतीचा टोचा यांच्यामध्ये त्या ओलाव्यातून बारीकसा प्रवाह वाहतो. शाळेत मीठ-पाण्यात दोन तारा बुडवून बुडबुडे काढले होते, तीच क्रिया. वीज येणाऱ्या टोच्यावरचा सोनेरी मुलामा विरघळतो, खालचा धातू काळा-हिरवा पडतो. पिनेत एकच टोचा काळा दिसला तर हे झालंय समजा. रबराने घासून थोडे दिवस चालते, मुलामा परत येत नाही. उपाय बिनखर्चाचा आहे. फोन काढला की बटण बंद करा, घामट किंवा ओल्या खिशातून काढलेल्या फोनला लगेच पिन लावू नका. दोन्ही टोकांना टाइप सी असलेल्या वायरीत हा त्रास कमी, कारण समोर फोन जोडलाय हे कळेपर्यंत असा चार्जर वीज सोडतच नाही.

अकरापैकी दोन वायरी मुळी गेलेल्याच नव्हत्या. मल्टिमीटरवर चारही तारा ठीक दाखवत होत्या. दोष फोनच्या तोंडात होता. खिशातला कापसाचा भुगा तिथे जातो, पिन लावताना दर वेळी आत दाबला जातो आणि तळाशी घट्ट नमदा बसतो. मग पिन पूर्ण आत जात नाही, सैल वाटते, हलवली की चार्जिंग जातं. आपण वायर बदलतो, नवी पिन जरा घट्ट असल्याने चार दिवस बरं वाटतं. नवी वायर घ्यायच्या आधी फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो भुगा हलक्या हाताने काढा. सुई किंवा टाचणी अजिबात घालू नका, आतले टोचे वाकतात.

मग फास्ट चार्जिंगचं काय? इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. जास्त वॉट पोचवायचे तर व्होल्ट वाढवा किंवा अँपिअर वाढवा. यूएसबीचं स्वतःचं मानक, पॉवर डिलिव्हरी, व्होल्ट वाढवतं: ५ वरून ९, १५, २० आणि त्याहीवर. चार्जर आणि फोन आधी एकमेकांशी बोलतात, फोन मागणी करतो, चार्जर जमत असेल तर तेवढं व्होल्टेज देतो. दोन्ही टोकांना टाइप सी असलेल्या वायरीतून ३ अँपिअरपर्यंत सर्रास जाऊ देतात, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्याच्या वर न्यायचं तर पिनेच्या आत एक इवलीशी चिप लागते. ती चार्जरला सांगते, "मी ५ अँपिअर झेपवू शकते." ती नसेल तर चार्जर ३ च्या पुढे जातच नाही. २०२१ पासून हे मानक २४० वॉटपर्यंत गेलंय. चांगली वायर महाग असण्याचं एक खरं कारण ही चिप आणि तिच्यासोबतचं जाड तांबं.

काही फोन कंपन्यांनी दुसरा रस्ता धरला. ओप्पोने २०१४ मध्ये आणलेली वूक पद्धत व्होल्टेज ५ च्या आसपास ठेवते आणि प्रवाह ४ अँपिअरच्या आसपास नेते. त्याला खास जाड वायर लागते, आणि ती आपलीच आहे याची ओळख फोन-चार्जरला पटावी लागते. म्हणून अशा फोनला दुसरी कितीही भारी वायर लावली तरी तो हळूच भरतो. "ओरिजिनलच लागते" हे दुकानदाराचं वाक्य अशा फोनांपुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. प्रत्येक फोनला मात्र ते लागू नाही.

टाइप सीचं तोंड २०१४ मध्ये आलं. त्यात २४ टोचे, आणि उलटसुलट कसंही लागतं. युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना तेच बंधनकारक केलं. ॲपलने त्याआधीच, २०२३ च्या आयफोन १५ पासून, २०१२ पासूनची आपली लायटनिंग पिन सोडली होती. आपल्याकडे बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोने, जानेवारी २०२३ मध्ये टाइप सीचं भारतीय मानक जाहीर केलं. घरात तीन पिनांच्या तीन वायरी ठेवायचा त्रास यामुळे कमी झाला, आणि हे चांगलंच झालं. पण तोंड एक झालं, पोट एक झालं नाही. दोन तारांची चार्जिंगपुरती वायर आणि २४० वॉटची वायर टेबलावर शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत. पूर्वी पिनच वेगळी असल्याने चूक लगेच कळायची.

चूक किती महागात पडू शकते, याचं एक उदाहरण जगजाहीर आहे. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन ल्युंग यांनी २०१५ मध्ये बाजारातल्या टाइप सी वायरी स्वतः विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी आणि दुसऱ्याला टाइप सी अशा वायरीत ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा इवलासा भाग, लागतो. तो फोनला सांगतो की मागे जुना चार्जर आहे, जपून घे. कितीतरी वायरींत चुकीचा, १० किलोओहमचा बसवलेला होता. त्यामुळे फोन ३ अँपिअर मागायचा आणि मागचा बिचारा चार्जर किंवा कॉम्प्युटर ताणला जायचा. २०१६ च्या सुरुवातीला तर एका वायरीत वीज येणारी आणि परतीची तारच उलटी जोडलेली निघाली. तिने त्यांचा तपासणीचा लॅपटॉप बाद केला. पुढे त्याच वर्षी ॲमेझॉनने मानक न पाळणाऱ्या टाइप सी वायरी विकायला मनाई केली.

म्हणून मला मनापासून वाटतं की वायरीच्या अंगावर गेज, अँपिअर आणि वॉट छापणं सक्तीचं व्हावं. घरातल्या फिटिंगच्या वायरीवर चौरस मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो, तो वाचूनच आम्ही ती वापरतो. मोबाइलच्या अडॅप्टरवरही बीआयएसचा 'आर'पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो. मधल्या वायरीवर बहुतेक वेळा काहीच नसतं. यूएसबीचं मानक सांभाळणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये ६० आणि २४० वॉटची अधिकृत चिन्हं आणली. ती छापलेली वायर दिसली तर जरूर घ्या.

मुंबईत मनीष मार्केटला जा, लॅमिंग्टन रोडला जा, नाहीतर गाडीत विकायला येणाऱ्याकडून घ्या, दाखवायची पद्धत एकच. तो वायर तुमच्या फोनला लावतो आणि म्हणतो, "बघा, चालू आहे." चिन्ह दिसलं म्हणजे वीज जातेय एवढंच कळलं. किती जातेय ते कळलं नाही. "फास्ट आहे का?" याला उत्तर नेहमी "हो" असतं. त्याऐवजी "किती अँपिअरची?" विचारा, मान वाकवून पाहा, बिल आणि वॉरंटी मागा. घरी आल्यावर एक साधी चाचणी करा. तोच फोन, तोच चार्जर, स्क्रीन बंद, २० टक्क्यांवरून ५० पर्यंत किती मिनिटं लागतात ते जुन्या आणि नव्या वायरीवर मोजा. ८० च्या पुढे मोजू नका, तिथे फोन स्वतःच वेग कमी करतो.

पैशांचा हिशेबही करून पाहिला. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. वाटेतलं नुकसान धरून २५ घ्या. हजार वॉट-तासांचं एक युनिट, म्हणजे रोज एकदा पूर्ण भरली तरी वर्षाला नऊ-सव्वानऊ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षभराची वीज नव्वद-ब्याण्णव रुपयांची. आणि दोन महिन्यांना एक या दराने ऐंशीच्या वायरी वर्षाला चारशे ऐंशीच्या. विजेच्या पाचपट पैसे वीज आणणाऱ्या दोरीला. ज्याच्या खिशात त्या दिवशी शंभरच रुपये आहेत त्याला साडेतीनशेची वायर घ्या म्हणणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. तोच माणूस वर्षाअखेरीस सगळ्यात जास्त पैसे देतो, याचं वाईट वाटतं.

गेलेल्या वायरी तांब्यासाठी जाळल्या जातात तेव्हा वरच्या पीव्हीसी प्लॅस्टिकमधून विषारी धूर निघतो, म्हणून त्या सुट्या भंगारात न देता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. माझ्या नऊ मी वर्गात ठेवल्यात, चिरलेल्याच. मुलं गेज मोजायला वापरतात.

आईला साडेतीनशेची, एक मीटरची, लांब मानेची वायर आणून दिली. बोर्ड टेबलाच्या उंचीवर घेतला, म्हणजे फोन लटकत नाही, आडवा राहतो. पिनेवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहिली, ही वायर किती टिकली हे अंदाजाने नको, मोजून कळावं म्हणून. या जूनला ती पट्टी वर्षाची झाली. अक्षर पुसट झालंय, मान अजून थंड लागते.